नावाने हाक मारणारं मशीन

१२ जानेवारी, सोमवार

डॉइलने शेवटी ते काम मला दिलं. हार्लनला नाही, मला. आधी आनंद झाला, मग हार्लनकडे नजर गेली, तो तिथेच उभा होता.

काम असं आहे. आमच्या मोजणीच्या खोलीत व्हॉल्व्हच्या बॉडी येतात, त्यांचे प्रकार वाढत वाढत सत्तरच्या घरात गेलेत. दर प्रकाराला वेगळा प्रोग्राम. बहुतेक हार्लनने लिहिलेले, उरलेले मी त्याच्यावरून उतरवलेले. एका ठिकाणी सुधारणा केली की ती सगळीकडे करावी लागते आणि एखादा तरी राहतोच. डॉइलला आता एकच मुख्य प्रोग्राम हवाय. माणसाने जॉबचा, म्हणजे मोजायच्या तुकड्याचा, नंबर टाकायचा, आणि मुख्य प्रोग्रामने त्या नंबराच्या सबरुटीनला बाहेरून हाक मारायची. सबरुटीन म्हणजे वेगळ्या फाइलीत पडून असलेला छोटा प्रोग्राम. बोलावलं की येतो, त्या जॉबपुरतं मोजतो, आकडे हातात देऊन जातो. आजवर अशी हाक आम्ही ठरलेल्या नावाने मारायचो, नाव आत लिहूनच ठेवलेलं असायचं. आता नाव आयत्या वेळी जुळवायचं.

"जमेल ना?" डॉइलने विचारलं. मालकाचा मुलगा आहे, पण अजून प्रश्न विचारताना शाळेतल्यासारखा एका पायावर उभा राहतो.

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं.

हार्लन म्हणाला, "यादीत काय वाईट होतं?"

यादी म्हणजे पडद्यावरची प्रोग्रामांची यादी, त्यानेच लावलेली. कुठला कितवा हे त्याला पाठ आहे. बटण दाबत खाली जातो आणि बरोबर तिथे थांबतो. मी या खोलीत आले तेव्हा मला प्रोब, म्हणजे जॉबला शिवून मोजणारं टोक, धरायला त्यानेच शिकवलं. त्याला डावलून मला दिलं हे त्याला लागणारच. पण तोंड एवढं पाडायची गरज नव्हती.

२० जानेवारी, मंगळवार

हाक ऐकू गेली! फोल्डरचा पत्ता, पुढे नंबर, पुढे फाइलीचं शेपूट, असं जोडून नाव तयार केलं, ते रिकाम्या जागेत ठेवलं आणि मशीनला म्हटलं, बोलव याला. आला. मोजून गेला. मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

मग घोळ झाला. सबरुटीन येताना स्वतःचं शून्य, म्हणजे मोजणी सुरू करायचा बिंदू, घेऊन येतं, आणि ते गेल्यावर मुख्य प्रोग्रामला जॉब टेबलावर कुठे ठेवलाय तेच आठवेना. दुपारपर्यंत डोकं फोडलं. हार्लन मागून जाता जाता म्हणाला, "पाठवताना शून्य कुठे आहे ते त्याच्या हातात दे. परत येईल तेव्हा मागून घे. पाहुण्याला किल्ली दिल्यासारखं."

तसं केलं आणि सुटलं. मी म्हटलं, "बघ ना, आकडे बरोबर येताहेत का?" तर म्हणतो, "चष्मा गाडीत राहिलाय. तूच वाच." मी वाचले. तो भिंतीकडे बघत ऐकत होता. मदत करतो, पण माझ्या पडद्याकडे नजर टाकायचीसुद्धा तयारी नाही.

२५ जानेवारी, रविवार

आज चर्चमध्ये स्तोत्र वाचायची पाळी हार्लनची होती. गडी पुढे गेला, पुस्तक उघडलंच नाही, अख्खं स्तोत्र तोंडपाठ म्हणाला. बायका हेलावल्या. मी पेपरमिंट चघळत बसले. कौतुक करून घ्यायची ही हौस याला केव्हापासून, कोण जाणे.

माझा नवरा गेरिट वैतागलाय. तो काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. हार्लनच्या दारातली टपालपेटी खांबासकट आडवी पडलीय, आणि आता सगळे म्हणणार गेरिटच्या फाळाने उडवली. "मी त्या अंगाला गेलोसुद्धा नाही गं," तो म्हणत होता. नवरा म्हणून विश्वास ठेवला. पेट्या स्वतःहून झोपत नाहीत, हेही म्हटलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हार्लनने जेवणाच्या सुट्टीतले पत्ते सोडले. आम्ही चौघं वर्षानुवर्षं रूक खेळतो, तो माझा भिडू. आज विचारलं तर म्हणाला, "कंटाळा आला त्याच त्या खेळाचा." माझ्यासमोर बसायचा कंटाळा, असं सरळ म्हण ना.

शनिवारी दुकानात तर कमालच. दुधाच्या कपाटापाशी समोरासमोर आलो. मी हसले, हात केला. हा माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून पुढे! मी मागून हाक मारली तेव्हा वळला, "अगं मार्लिस, तू होय!" आणि इतक्या प्रेमाने बोलला की माझा राग मला ठेवता येईना. घरी येऊन ठेवला.

गेरिट म्हणतो, सकाळी अंधारात हार्लन रस्त्याच्या कडेने चालत कामाला जाताना दिसतो. गाडी अंगणात बर्फाखाली गाडलेली. म्हटलं, डच माणूस आहे, काटकसर रक्तातच, पेट्रोल वाचवत असेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आजपासून नवा प्रोग्राम मोठ्या मशीनवर सुरू. पडदा विचारतो, "जॉबचा नंबर?" टाकला की पुढचं आपोआप. लेबल वाचायचं यंत्र मागवलंय, ते येईपर्यंत नंबर हातानेच टाकायचा. कास्टिंगवरच, ओतीव धातूतच उठावाने असतो, इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या तीन खुणांचा.

हार्लनने अक्षरं मोठी करायला सांगितली. केली. म्हणाला, "आणखी." आणखी केली. "आणखी." मी म्हटलं, "कोठारावर रंगवू का?" तो हसला नाही. काही नाही, माझ्या कामात खोड काढायचीय, तर अक्षराचीच सही.

जॉब टेबलावर चढवण्याआधी तो नंबरावरून अंगठा फिरवतो. धूळ पुसल्यासारखा, सावकाश, दोनदा. पूर्वी असं करत नव्हता. आता ती नवी पूजाच झालीय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रोब आदळला.

मी दाताच्या डॉक्टरकडे होते. परत आले तर मशीन उभं, लाल दिवा, प्रोबच्या टोकाचा माणकाचा मणी तुटून टेबलावर, आणि वरचं डोकं कलंडलेलं. टेबलावर ३बी८ चढवलेला. त्याला मधोमध उंचवटा असतो. ३८८ ला नसतो. प्रोब उंचवटा नसल्यासारखा सरळ आत घुसला. म्हणजे मशीनने ३बी८ साठी ३८८ च्या सबरुटीनला हाक मारली.

"कोण चालवत होतं?" डॉइलने विचारलं.

"मी," हार्लन म्हणाला.

"नंबर काय टाकलास?"

"जॉबवर होता तो."

डॉइल माझ्याकडे वळला. हार्लनच्या हातून असली चूक होत नाही, हे डॉइलला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. मग उरलं कोण? काय टाकलं होतं ते प्रोग्रामने कुठे टिपून ठेवायची सोयही मी केलेली नाही. बाहेर या मालाची गाडी भरायची होती, ती रिकामीच गेली. रात्री सूप बाजूला सारलं. दातामुळे, असं गेरिटला सांगितलं.

४ मार्च, बुधवार

सापडलं! आणि सापडलं त्याचं वाईटही वाटतंय.

टाकलेल्या नावाची फाइल मिळाली नाही तर माझा प्रोग्राम थांबत नाही. नावाच्या जागेत आधीच्या जॉबचं नाव तसंच राहतं आणि तो त्यालाच हाक मारतो. त्या दिवशी सकाळी ३८८ च चालू होते. म्हणजे ३बी८ ची फाइल त्या क्षणी नेटवर्कवर मिळाली नसणार आणि जुनं नाव वापरलं गेलं. मी मुद्दाम तसं घडवून पाहिलं. घडतं. आता दर वेळी आधी जागा रिकामी करते, फाइल आहे का बघते, नसेल तर जागच्या जागी थांबते.

डॉइलला सगळं सांगितलं. म्हटलं, चूक माझी.

तो पेन फिरवत होता. "मार्लिस, ही सापडली ते बरं झालं. पण अशा आणखी किती आहेत?"

"नसतील."

"गेल्या आठवड्यातही तू असंच म्हणाली असतीस." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "सोमवारपासून जुनी यादी लावू. सध्यापुरती."

सध्यापुरती म्हणजे काय ते मला कळतं.

५ मार्च, गुरुवार

हार्लनला सांगितलं. "तुझी यादी परत येतेय. चूक माझीच होती." वाटलं खूश होईल. तो जॉबवर हात ठेवून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "तू डॉइलला असं सांगितलंस? तुझी चूक म्हणून?"

"हो. होतीच ना."

तो डबाही न खाता घरी गेला.

७ मार्च, शनिवार

सकाळी मी ओव्हनमधून बदामाचा रोल काढत होते. दार वाजलं. हार्लन. गुडघ्यापर्यंत चिखलबर्फाने भिजलेला. त्याच्या घरापासून आमचं घर चालत येण्याजोगं नाही, आणि हा चालत आला होता.

गेरिटने त्याला बसवलं, मोजे वाळत घातले, आणि शहाण्यासारखा गोठ्याकडे निघून गेला. मी कॉफी ओतून कप पुढे ठेवला. हार्लनने हात पुढे केला तो कपाच्या डावीकडे. मग टेबलावरून हळूहळू सरकवत कान पकडला.

"मार्लिस," तो म्हणाला, "मी ३८८ टाकलं होतं."

मला काही समजेना. "पण फाइल मिळाली नव्हती..."

"फाइल मिळाली की नाही ते मला माहीत नाही. तुझा दोष खरा असेल. पण गुन्हेगार तो नाही, मी आहे. अंगठ्याला बी आणि आठ सारखेच लागतात गं."

मी म्हटलं, "अंगठ्याला कशाला? वाचायचं ना."

असं मी खरंच म्हटलं. आता लिहितानाही लाज वाटते.

तो म्हणाला, "मी आत्ता तुझ्याकडे बघतोय. तुझे केस दिसतात. कान दिसतो. खिडकीची कडा दिसते. मधे तू नाहीस. तिथे धुकं आहे. जिकडे बघावं तिथेच नेमकं धुकं."

डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजलाय. दोन्ही डोळ्यांचा. शरद ऋतूत डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते जमेल तितकं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. मुलीला, यानाला, तेवढं ठाऊक. त्यानंतरही त्याने जानेवारीपर्यंत गाडी चालवली. एका पहाटे मागे घेताना काहीतरी कडकडलं. खाली उतरून चाचपलं तर स्वतःचीच टपालपेटी. त्या दिवसापासून किल्ली यानाकडे.

दुकानातलं दुधाचं कपाट. रूकचे पत्ते. चर्चमधलं स्तोत्र. "आणखी मोठं, आणखी मोठं." एकेक गोष्ट माझ्या अंगावर येत गेली. मला रडू आलं नाही, राग आला.

"मी आठ दिवस रात्रंदिवस माझीच चूक शोधत बसले, आणि तू शेजारच्या टेबलाशी बसून बघत होतास?"

"बघत नव्हतो," तो म्हणाला. "तेच तर सांगतोय."

आणि मला हसू फुटलं. हसू नये अशा वेळी फुटतं तसं. तोही हसला, मग दोघांचंही थांबलं.

"पहिल्यांदा मला खरंच वाटलं होतं की मी बी टाकलाय," तो म्हणाला. "मग दोन रात्री त्या अंगठ्याचाच विचार करत पडलो. तिसऱ्या दिवशी सांगणार होतो. सांगितलं की संपलं ना सगळं? यादी पाठ आहे तोवर मी कामाचा माणूस. यादी गेली की..." त्याने हात उलटा केला. "पण तू चूक आपल्या अंगावर घेशील असं वाटलं नव्हतं. ते मात्र झेपेना."

"मला का नाही सांगितलंस? शेजारी बसतो आपण."

"तू का नाही विचारलंस?"

मी रोल कापला आणि त्याचा हात धरून बशीवर ठेवला.

९ मार्च, सोमवार

दोघं मिळून डॉइलच्या खोलीत गेलो. हार्लनने स्वतः सांगितलं, उभ्याने, काही न लपवता. डॉइल मान खाली घालून म्हणाला, "बाबांना तरी सांगायचं होतंस, हार्लन."

"तुझ्या बाबांना सांगितलं असतं तर ते मला हाताला धरून घरी सोडून आले असते."

"मलाही तेच करावं लागणार आहे. मशीनवर तुला कसा ठेवू? उद्या बोट सापडलं तर?"

ते खरंच होतं. हार्लनने मान हलवली, जणू हेच ऐकायला आला होता. मी मात्र बोलून गेले, "नंबर टाकायची गरजच नसेल तर?"

दोघंही माझ्याकडे वळले. मलाच ठाऊक नव्हतं मी पुढे काय म्हणणार आहे. बोलता बोलता जुळलं. मशीन मोजतं कसं? बोट लावून. मग जॉब कुठला हे माणसाला का विचारायचं? सुरुवातीला त्यानेच चार ठिकाणी सावकाश शिवून बघावं, त्यावरून नाव काढावं आणि मग हाक मारावी.

"आणि डोळे असलेला माणूससुद्धा शुक्रवारी दुपारी बीचा आठ वाचतो," मी म्हटलं. "हे फक्त हार्लनसाठी नाही."

डॉइल म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत. तोवर यादी. आणि यादीवर हार्लन नाही, तू."

बाहेर आल्यावर हार्लन म्हणाला, "सगळ्यात आधी उंचवट्याची जागा. वरून, बरंच वरून, अगदी हळू. असो वा नसो, निम्मे प्रकार तिथल्या तिथे गळतात." लगेच सुरूच झाला!

१८ मार्च, बुधवार

उंचवटा, मग मागची भिंत किती जाड, मग बोअर, म्हणजे मधलं भोक, केवढा, मग बाहेर आलेल्या कानाची बाजू. एवढ्यावर जवळजवळ सगळे वेगळे होतात. चार जोड्या जुळ्या निघाल्या, फरक नुसता आतल्या आट्यांचा. तिथे मशीन थांबतं आणि घंटी वाजवून माणसाला विचारतं.

हार्लन शेजारी बसून जागा सांगतो, मी लिहिते. भांडतोही. त्याला भिंत आधी हवी होती, मला बोअर. "तुला आयुष्यभर घाई," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुला आयुष्यभर भिंत." बोअर आधी ठेवला. सायंकाळी तपासलं तर त्याचं बरोबर होतं. बदलला. सांगावं लागलं त्याला. न सांगता बदललं असतं तर त्याला कळलंच नसतं, हा विचार मनात आला आणि कसंतरीच वाटलं.

याना त्याला उन्हाळ्यात कलमाझूला न्यायचं म्हणतेय. तिच्या घरी खाली वेगळी खोली आहे. तो "बघू" म्हणतो. मी "छान होईल" म्हणाले. छान होईल तिला. मला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आज डॉइलसमोर चालवलं. त्याने स्वतः जॉब आणले, मुद्दाम उलटसुलट, आणि हार्लनला म्हणाला, "चढव."

हार्लनने पहिला उचलला, कडा चाचपून बसवला, हिरवं बटण दाबलं आणि जमिनीवर आखलेल्या सुरक्षेच्या रेषेच्या मागे येऊन उभा राहिला. प्रोब वरून उतरला, थांबत थांबत, शिवला. बाजूला गेला, शिवला. डॉइल रेषेपर्यंत पुढे सरकला. मग पडद्यावर ३बी८ आलं आणि मशीनने भराभर मोजायला घेतलं. मी हार्लनच्या कानात म्हटलं, "बी." तो म्हणाला, "आवाजावरून कळलं. आठ असता तर आणखी खाली गेला असता."

दुसरा, तिसरा, पाचवा. एका जुळ्यापाशी घंटी वाजली आणि डॉइलच दचकला. शेवटी म्हणाला, "राहू दे हे." मग हार्लनकडे वळून, जरा घसा साफ करत, "आठवड्याचे तीन दिवस येशील? रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही, मशीन पूर्ण थांबल्याशिवाय."

"उन्हाळ्यापर्यंत येईन," हार्लन म्हणाला. पुढचं डॉइलनेही विचारलं नाही, हार्लननेही सांगितलं नाही.

मी हल्ली त्याला घरी सोडते. आज म्हणाला, "सरोवरावरून जाऊ या का? बर्फ फुटला असेल." वाट वाकडी करून धक्क्याशी गाडी लावली. वारा थेट अंगावर. सरोवर काठापाशी अजून पांढरं, पलीकडे मोकळं.

"सांग," तो म्हणाला.

"सुंदर आहे रे."

"सुंदर काय, तुझ्या सासूलाही सुंदर म्हणायचीस. काय कुठे आहे ते सांग."

मी नीट बघितलं. इतकी वर्षं येतेय, इतकं नीट कधी बघितलं नव्हतं. "तांबडं दीपगृह आपल्या समोर, थोडं डावीकडे. तिथपर्यंत सगळा बर्फ, पण तडकलेला, मोठमोठ्या फरशा. त्यापुढे पाणी. पाणी काळं नाही, राखाडी. दोन गल पक्षी एका फरशीवर बसलेत, ती फरशी हलतेय."

"कुठे चाललीय?"

"उत्तरेकडे. हळू."

तो त्या दिशेला चेहरा करून उभा राहिला, नेमका थोडा बाजूला बघत, कडेने काही सापडतंय का ते शोधत.

"लाटा?"

"आहेत. गुडघ्याएवढ्या."

"कुणाच्या गुडघ्याएवढ्या?"

मी विचार केला. "माझ्या."

"म्हणजे लहान," हार्लन म्हणाला, आणि टोपी कानांवर ओढून घेतली.